लास वेगासच्या स्ट्रिपवर दोन रात्री: खोली निवडण्यापासून बिल मिटवण्यापर्यंत

लास वेगास बुलेवार्ड या रस्त्याचा साधारण पावणेसात किलोमीटरचा पट्टा म्हणजे ‘स्ट्रिप’. गंमत म्हणजे हा पट्टा लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. त्याचा बराचसा भाग क्लार्क काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पॅराडाइज या वस्तीत मोडतो. या एवढ्याशा रस्त्यावर एमजीएम ग्रँडसारखं पाच हजार खोल्यांचं हॉटेल आहे आणि व्हेनेशियन-पलाझोसारखं सात हजार खोल्यांचं संकुलही आहे. नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला १९३१ साली. पण आज दिसतात तसल्या महाकाय रिसॉर्टांची लाट आली ती १९८९ मध्ये हॉटेल व्यावसायिक स्टीव्ह विन यांनी मिराज हे रिसॉर्ट उघडल्यानंतर. ते मिराजही २०२४ च्या जुलैत बंद झालं.

त्या लाटेने धंद्याचं गणित उलटं केलं. गेली वीस-पंचवीस वर्षं स्ट्रिपवरच्या मोठ्या रिसॉर्टांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न खोल्या, खाणंपिणं, शो आणि दुकानं यांतून येतं. जुगाराचा वाटा त्याहून कमी. त्यामुळे “आपण काही खेळणार नाही, आपल्याला काय फरक पडतो” असं म्हणून गेलेल्या कुटुंबाचा खिसाही रिसॉर्टने हिशेबात धरलेला असतो. खाली दिलेली माहिती मुख्यतः अशाच मंडळींसाठी आहे: अमेरिकेत राहणारं जोडपं, भारतातून आलेले आई-बाबा, सोबत एखादं शाळकरी मूल, आणि हाताशी दोन रात्री.

गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर प्रवेशाचं पॅकेज घ्यावं लागतं आणि खाणंपिणं त्यातच येतं. वेगासमध्ये दारावर तिकीट नाही. कुठल्याही हॉटेलात कुणीही, कधीही शिरू शकतं, त्या हॉटेलात उतरलेलं नसलं तरी. फिरायला हे उत्तम आहे. पण पुढचा प्रत्येक खर्च सुटा-सुटा लागतो आणि एकत्र बेरीज कुठेच दिसत नाही.

कधी जायचं

रविवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पट-तिप्पट दराने जाते. तारखा ठरवण्यापूर्वी शहरात कुठलं मोठं अधिवेशन आहे का ते पाहा. जानेवारीच्या सुरुवातीला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं, तेव्हा आठवड्याच्या मधले दिवसही महाग होतात. २०२३ पासून नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवरून धावते. तिच्या आधीचे काही आठवडे रस्त्याकडेला मंच, कुंपणं आणि वळवलेली वाहतूक असते. शर्यत बघायची नसेल तर तो काळ टाळलेला बरा.

आई-बाबांचा दौरा बहुधा मे ते ऑगस्टमध्ये असतो, आणि नेमका तोच वाईट. जून ते ऑगस्ट तापमान सहज ४० ते ४५ अंशांवर जातं. ७ जुलै २०२४ रोजी ४८.९ अंशांचा उच्चांक नोंदला गेला. विदर्भातल्या माणसाला ४५ चं भय नसेल, पण इथली हवा इतकी कोरडी की घाम जाणवतच नाही आणि पाणी प्यायची आठवण राहत नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर बाहेर पडा. मधला वेळ आत घालवा, पण सोबत शाल किंवा स्वेटर ठेवा, कारण आतलं एसी कडक असतं.

खोलीचा खरा दर

जाहिरातीतला दर आणि शेवटचं बिल यांत मुख्यतः तीन गोष्टींचा फरक पडतो: रिसॉर्ट फी, कर आणि पार्किंग. रिसॉर्ट फी ३५ ते ५५ डॉलर प्रति रात्र, वायफाय आणि जिमच्या नावाखाली. ती सक्तीची असते, जिमचं दारही बघितलं नाही तरी. तिच्यावर आणि खोलीच्या दरावर मिळून १३ टक्क्यांहून थोडा जास्त कर. उदाहरणादाखल:

खोली ८९ डॉलर + रिसॉर्ट फी ५० = १३९. त्यावर १३.३८ टक्के कर धरला तर १५७ डॉलर ६० सेंट. दोन रात्रींचे ३१५. गाडी असेल तर पार्किंगचे रोजचे २० धरून आणखी ४०. एकूण ३५५. मनात मात्र १७८ चा आकडा घेऊन आपण निघालेलो असतो.

मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो. त्यामुळे आता फीचा धक्का कमी बसतो, पण कर आणि पार्किंग अजूनही शेवटच्या पानावरच दिसतात. दोन हॉटेलांची तुलना करताना तिथपर्यंत जाऊनच आकडा घ्या.

बुकिंग शक्यतो हॉटेलच्याच वेबसाइटवर करा, आणि रद्द करता येणारंच. तिथे साधारणपणे दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पैसे परत मिळतात. दर रोज हलतात. तोच दर नंतर उतरला तर नवं बुकिंग करून जुनं रद्द करायचं. बाहेरच्या साइटवरून ‘रद्द न होणारी’ स्वस्त खोली घेतली की हा मार्ग बंद होतो. शिवाय खोली देताना अशा पाहुण्यांचा नंबर मागे लागतो, हेही आहेच. बुकिंगआधी एमजीएम रिवॉर्ड्‌स किंवा सीझर्स रिवॉर्ड्‌सचं सदस्यत्व घ्या. ते फुकट असतं आणि सदस्यांना वेगळा, कमी दर दिसतो. या दोन कंपन्यांकडेच स्ट्रिपवरची बरीचशी हॉटेलं आहेत, म्हणून एक कार्ड अनेक ठिकाणी चालतं.

कुठलं हॉटेल

नकाशावर पाहिलं तर दक्षिण टोकाला मँडले बे, लक्सर, एक्सकॅलिबर. मध्यावर बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, पॅरिस, फ्लेमिंगो. उत्तरेला व्हेनेशियन, विन, आणि त्याही पलीकडे रिसॉर्ट्‌स वर्ल्ड आणि २०२३ च्या डिसेंबरात उघडलेलं फाँटनब्लो. दोनच रात्री असतील तर मध्य सोडू नका. टोकाला रात्रीमागे ३० डॉलर वाचतात आणि टॅक्सीत त्याहून जास्त जातात.

ज्येष्ठ माणसं किंवा दम्याचा त्रास असणारं कुणी सोबत असेल तर एक प्रश्न सगळ्यात आधी: धूर. नेवाडात बहुतेक बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, पण कॅसिनोच्या खेळाच्या जागेला त्यातून सूट आहे. खोलीकडे जाणारी वाट तर बहुतेक ठिकाणी तिथूनच. तीन चांगले पर्याय आहेत. पार्क एमजीएम: कॅसिनो आहे, पण २०२० पासून संपूर्ण धूरमुक्त. व्हडारा: कॅसिनोच नाही, बेलाजिओ आणि आरियाला चालत जोडलेलं. आणि एमजीएम ग्रँडच्या मागचे सिग्नेचरचे तीन मनोरे: कॅसिनो नाही, आणि मुख्य इमारतीत जायला आतून वाट. शेवटच्या दोन्ही ठिकाणी बहुतेक खोल्यांत छोटं स्वयंपाकघर आणि फ्रिज असतो. पथ्य असलेल्या माणसासाठी तो फार मोलाचा. आमच्या मते मराठी कुटुंबाने पहिली नजर या दोघांवरच टाकावी. झगमगाट बघायला बाकीची हॉटेलं उघडीच आहेत.

एकाच हॉटेलात अनेक टॉवर असतात हे विसरू नका. सीझर्स पॅलेसमध्ये ऑगस्टस, ऑक्टेव्हियस, ज्युलियस असे सहा आहेत. वय, नूतनीकरण, स्ट्रिपपासूनचं अंतर, सगळं वेगळं. बुकिंग करताना टॉवरचं नाव बघा आणि चेक-इनच्या वेळी “लिफ्टजवळची खोली” मागा. नाहीतर लिफ्टमधून उतरल्यावरही लांबलचक कॉरिडॉर तुडवायचा असतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो दिवसातून सहा वेळा.

विमानतळ ते खोली

विमानतळाचं नाव २०२१ च्या डिसेंबरपासून हॅरी रीड. जुन्या नकाशांत मॅककॅरन दिसेल, दोन्ही एकच. स्ट्रिप इथून जवळ आहे. टॅक्सीला स्ट्रिपपर्यंत विभागवार ठरलेलं भाडं असतं, साधारण २० ते ३० डॉलर. बसण्यापूर्वीच “फ्लॅट रेट” म्हणा. पूर्वी मीटरवर बोगद्यातल्या हमरस्त्याने लांबचा फेरा मारून भाडं वाढवण्याचा प्रकार सर्रास चाले, म्हणून ही सोय झाली. उबर आणि लिफ्ट (Lyft) या ॲपवरच्या टॅक्सी आगमनाच्या दारात येत नाहीत; पार्किंगच्या इमारतीत ठरलेल्या मजल्यावर जावं लागतं. मोनोरेल विमानतळापर्यंत येत नाही. दर वेळी कुणीतरी ती शोधत बसतं.

चेक-इन दुपारी तीन-चारला. लवकर पोहोचलात तर सामान ‘बेल डेस्क’कडे द्या, पावती घ्या आणि बाहेर पडा. लवकर खोली हवी असेल तर जादा पैसे मागतात.

काउंटरवर कार्डावर अनामत अडवतात. रक्कम हॉटेलप्रमाणे बदलते. रोजचे ५० ते १५० डॉलर धरून चाला. ही रक्कम खर्च होत नाही, पण अडकते. क्रेडिट कार्डच द्या. डेबिट कार्ड दिलंत तर तितके पैसे खात्यातून अडवले जातात आणि सुटायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात. भारतातल्या बँकेचं ट्रॅव्हल कार्ड दिलं की याहून उशीर होतो, आणि परदेशात आई-बाबांच्या हातातले पैसे नेमके तेव्हाच कमी पडतात.

खोलीत शिरल्यावर मिनी-बारला हात लावू नका, अगदी बघण्यापुरताही. अनेक ठिकाणी बाटल्यांखाली वजन ओळखणारे सेन्सर असतात. वस्तू काही सेकंद उचलून धरली की बिलावर चढते. आपली औषधं किंवा दही त्या फ्रिजमध्ये घुसवण्यासाठी मुलं बाटल्या बाजूला काढतात आणि निघताना ऐंशी-शंभर डॉलरचा भुर्दंड दिसतो. इन्सुलिनसारखं औषध असेल तर काउंटरवर सांगून वेगळा छोटा फ्रिज मागवा. वैद्यकीय गरजेसाठी तो बहुधा विनाशुल्क देतात.

आणखी एक, चहा. स्ट्रिपवरच्या बऱ्याच खोल्यांत किटली किंवा कॉफीचं यंत्र नसतं. सकाळी सहाला चहा लागणाऱ्या माणसाला खाली उतरून, कॅसिनो ओलांडून, रांगेत उभं राहून सहा-सात डॉलरचा कप घ्यावा लागतो. भारतातली किटली आणून उपयोग नाही. ती २३० व्होल्टसाठी असते आणि इथे मिळतात १२०. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते. १,५०० वॉटची किटली इथे जेमतेम ४०० वॉटने तापते आणि पाणी उकळायला चौपट वेळ घेते. अमेरिकेत घेतलेली छोटी प्रवासी किटली, चहाच्या पिशव्या आणि दूध पावडर बरोबर ठेवा.

चालणं: इथेच सगळे फसतात

इमारती इतक्या मोठ्या आहेत की अंतराचा अंदाज येत नाही. बेलाजिओच्या दारात उभं राहून सीझर्स पॅलेस ‘समोरच’ दिसतं. दारापासून दारापर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. मँडले बे ते विन हे पाच किलोमीटर भरतं, त्यात पादचारी पुलांची चढउतार वेगळी. आतल्या वाटा मुद्दाम वळणाच्या असतात, खिडक्या आणि घड्याळं दिसत नाहीत, आणि बाहेर जाणारा रस्ता नेहमी जुगाराच्या यंत्रांच्या मधून. जमिनीकडे बघून चालू नका. वर, छताला टांगलेल्या पाट्या वाचत चला.

फुकटच्या दोन ट्राम आहेत. एक मँडले बे–लक्सर–एक्सकॅलिबर. दुसरी पार्क एमजीएम–आरिया–बेलाजिओ. मोनोरेल तिकिटाची, एका फेरीला साधारण सहा डॉलर. ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागच्या बाजूने धावते: एमजीएम ग्रँडपासून सहारा हॉटेलापर्यंत सात थांबे. थांब्यापर्यंत जायलाच कॅसिनो आडवा कापावा लागतो, म्हणून एका थांब्याच्या अंतरासाठी ती घेऊ नका. एमजीएम ग्रँड ते लिंक हॉटेल यासारख्या लांब टप्प्याला घ्या. ‘ड्यूस’ ही दुमजली बस चोवीस तास चालते, दिवसाचा पास आठ डॉलरच्या आसपास. स्वस्त आहे, पण रात्री वाहतूक तुंबली की माणूस चालत पुढे जातो.

पहिल्या संध्याकाळसाठी कमीत कमी चालण्याची वाट अशी. टॅक्सीने मँडले बेला उतरा. ट्रामने एक्सकॅलिबर (लक्सरचा पिरॅमिड वाटेत दिसतोच, उतरून आत बघायचं असेल तर अर्धा तास). एक्सकॅलिबरहून पुलावरून न्यूयॉर्क-न्यूयॉर्क. तिथून दहा मिनिटं चालत पार्क एमजीएम, तिथेच ‘इटाली’ (Eataly) या फूड हॉलमध्ये, म्हणजे एका छताखालच्या अनेक खाद्य-काउंटरांवर, खाणं. मग दुसऱ्या ट्रामने बेलाजिओ. सूर्यास्तानंतर इथे पोहोचायचं, कारण स्ट्रिपवरचं सगळ्यात चांगलं दृश्य इथेच आहे आणि ते फुकट आहे.

बेलाजिओच्या तळ्यातली कारंजी १९९८ पासून चालू आहेत. बाराशेहून जास्त तोट्या, आणि पाण्याचा सर्वांत उंच झोत १४० मीटरच्या घरात. दुपारी दर अर्ध्या तासाने आणि रात्री मध्यरात्रीपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक गाणं. दर वेळी गाणं वेगळं, म्हणून दोन-तीन बघा. जागा: रस्त्याकडच्या कठड्याचा मधला भाग, खेळ सुरू होण्याच्या आठ-दहा मिनिटं आधी. वारा जोराचा असेल तर खेळ रद्द होतात. तसं झालं तर आत जा. लॉबीच्या छताला डेल चिहूली यांची काचेची दोन हजार फुलं आहेत, आणि पलीकडे वनस्पतींचं दालन. ते वर्षातून पाच वेळा नव्याने सजवतात आणि त्यालाही तिकीट नाही. रात्री दहानंतर गर्दी ओसरते.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडचा भाग: सीझर्स पॅलेस आणि त्याला लागून फोरम शॉप्स, मग रस्ता ओलांडून फ्लेमिंगोच्या आवारातले जिवंत फ्लेमिंगो पक्षी (फुकट, लहान मुलांना आवडतं), लिंकची गल्ली, व्हेनेशियनचा कालवा. उंचावरून शहर बघायचं असेल तर लिंकच्या मागचा हाय रोलर हा पाळणा, १६८ मीटर, एक फेरी अर्ध्या तासाची. अंधार पडतानाचं तिकीट दिवसापेक्षा महाग असतं. पण तिथून २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्फिअर या सभागृहाचा दिव्यांनी झळकणारा गोल पूर्ण दिसतो, म्हणून जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. व्हेनेशियनच्या कालव्यातली गोंडोला बोटीची फेरी मात्र महाग आणि चिमुकली. फोटोपुरती काठावरून बघितली तरी चालते.

पादचारी पुलावर थांबून फोटो काढू नका. २०२४ च्या जानेवारीपासून काउंटीने पुलांवर थांबण्याला बंदी घातली आहे. शिक्षा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. सहसा पोलीस हटकून पुढे पाठवतात, पण आजीला धाप लागली तर विश्रांती पूल चढण्याआधी घ्यायची, वर नाही. पुलांच्या लिफ्ट आणि सरकते जिने बरेचदा बंद असतात. पायांचा त्रास असेल तर हॉटेलातूनच व्हीलचेअर किंवा बॅटरीची स्कूटर भाड्याने घ्या.

फुटपाथवर पिसांचे मुकुट घातलेल्या मुली, कार्टूनचे मुखवटे घातलेले लोक फोटोला बोलावतात. फोटो झाला की प्रत्येकी वीस डॉलर मागतात. हातात सीडी किंवा मण्यांची माळ कोंबणाऱ्यांचं तसंच. “शोची तिकिटं फुकट, किती दिवस आहात?” असं विचारणारे काउंटर टाइमशेअर (सुट्टीच्या घरात वर्षातले ठरावीक दिवस राहण्याचा हक्क) विकणारे असतात. त्या तिकिटाची किंमत म्हणजे दोन-तीन तासांचं दडपण आणणारं व्याख्यान.

खाणं

बफे म्हणजे स्वस्त आणि पोटभर, ही गोष्ट जुनी झाली. कोव्हिडनंतर बरेच बफे बंदच झाले. राहिलेल्यांपैकी सीझर्समधला बॅकनाल किंवा विनमधला बफे माणशी साठ ते नव्वद डॉलरच्या पट्ट्यात जातो, आणि त्यातला बराचसा खर्च खेकडे आणि मांसाचा असतो. शाकाहारी माणसाने तिथे जाऊन काही वसूल होत नाही. त्याऐवजी फूड हॉल बघा: पार्क एमजीएममधली इटाली, आरियातलं प्रॉपर ईट्‌स, कॉस्मोपॉलिटनमधलं ब्लॉक १६. एका ताटाला १८ ते २५ डॉलर धरा.

शाकाहारी मागताना नुसतं “व्हेजिटेरियन” म्हणून भागत नाही. मेक्सिकन बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते, भातात आणि सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक. “लार्ड आहे का, चिकन स्टॉक आहे का” असे दोन वेगळे प्रश्न विचारा. आई-बाबांना वरणभाताची आठवण आली तर भारतीय उपाहारगृहं स्ट्रिपपासून थोड्या अंतरावर आहेत, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. तिकडचे दर स्ट्रिपपेक्षा बरेच खाली.

बिलात विक्रीकर ८.३७५ टक्के. काही ठिकाणी त्याशिवाय ‘सीएनएफ’ नावाची सुमारे पाच टक्क्यांची ओळ असते. ती सरकारी कर नाही, जागेच्या भाड्याचा भार आहे. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बहुधा आधीच धरलेली असते. ती ओळ बघा, नाहीतर दोनदा टिप जाते. पाण्याच्या बाटल्या खोलीतून किंवा लॉबीतल्या दुकानातून घेऊ नका. स्ट्रिपवरच वॉलग्रीन्स आणि सीव्हीएस आहेत.

मुलं आणि एकवीस वर्षांची रेघ

२१ वर्षांखालच्या व्यक्तीला खेळाच्या जागेत थांबता येत नाही. ठरलेल्या वाटेने चालत पार होता येतं, पण बाबा यंत्रासमोर बसलेत आणि मुलगा मागे उभा आहे हे चालत नाही. सुरक्षारक्षक लगेच येतो. २१ खालच्याने खेळून जिंकलं तरी पैसे मिळत नाहीत. वयाचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्ट किंवा अमेरिकी ड्रायव्हिंग लायसन्स लागतं. पासपोर्टचा मोबाइलवरचा फोटो स्वीकारत नाहीत, आणि साठीच्या माणसाकडेही सदस्यकार्डासाठी किंवा जिंकलेली मोठी रक्कम देताना ओळखपत्र मागतात.

मुलांसाठी मँडले बेचं लाटांचं तळं आणि वाळूचा किनारा उत्तम. मात्र ते तिथे राहणाऱ्यांसाठी असतं, हिवाळ्यात बंद असतं, आणि ४८ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लाटांत सोडत नाहीत. शोची तिकिटं काढताना वयाची अट आणि सुट्टीचे दिवस बघा. बहुतेक शो आठवड्यातून दोन दिवस बंद असतात.

खेळायचंच असेल तर

एक रक्कम ठरवा, रोख घ्या, कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवा. कॅसिनोतलं एटीएम एका वेळेला आठ ते बारा डॉलर घेतं, आणि क्रेडिट कार्डावर उचल केली की व्याज त्याच क्षणी सुरू.

मग प्रश्न उरतो ती रक्कम किती वेळ पुरेल. याला सूत्र आहे: एका डावाची रक्कम × तासातले डाव × घराचा वाटा (लावलेल्या पैशांपैकी सरासरीने कॅसिनोकडे राहणारे टक्के). काही आकडे:

रूलेटच्या चाकावर एकच शून्य असेल तर घराचा वाटा २.७० टक्के, दोन शून्यं असतील तर ५.२६, तीन असतील तर ७.६९. पैसे मिळण्याचं प्रमाण तिन्हीकडे सारखंच, ३५ ला १. स्ट्रिपवर कमी रकमेच्या टेबलांवर आता तीन शून्यांची चाकं सर्रास दिसतात. १५ डॉलरचा डाव, तासाला ४० फेऱ्या: दोन शून्यांवर सरासरी ३२ डॉलर जातात, तीनवर ४६. बसण्यापूर्वी चाकावरची हिरवी घरं, म्हणजे शून्यं, मोजा.

ब्लॅकजॅकमध्ये (पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ नेण्याचा खेळ) टेबलाच्या कापडावर ‘३ ला २’ की ‘६ ला ५’ हे छापलेलं असतं. पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस आलं तर १० डॉलरवर पहिल्या टेबलावर १५ मिळतात, दुसऱ्यावर १२. एवढ्याशा फरकाने घराचा वाटा, कधी पत्ता घ्यायचा आणि कधी थांबायचं याच्या तक्त्याप्रमाणे चोख खेळले तरी, अर्ध्या-पाऊण टक्क्यावरून दोन टक्क्यांच्या आसपास जातो. तासाला ७० डाव धरले तर १५ डॉलरच्या ‘६ ला ५’ टेबलावर सरासरी २१ डॉलर जातात आणि २५ डॉलरच्या ‘३ ला २’ टेबलावर सुमारे साडेदहा. महाग टेबल सरासरीत स्वस्त पडतं. मात्र चढउतार मोठे येतात, त्यामुळे शंभर डॉलर घेऊन २५ च्या टेबलावर बसलात तर दहा मिनिटांत उठायचीही तयारी हवी.

बॅकरामध्ये दोनपैकी कुठली बाजू जिंकेल यावर पैसे लावतात. घराचा वाटा ‘बँकर’वर १.०६ टक्के, ‘प्लेअर’वर १.२४, आणि ‘टाय’वर (बरोबरीवर) १४ टक्क्यांहून जास्त. टायला हात लावायचा नाही, एवढाच या खेळातला शहाणपणा.

स्लॉट यंत्रांना ‘पेनी’ (एक सेंट) म्हणतात, पण एका दाबाला पन्नास ते नव्वद सेंट जातात. ७५ सेंट धरले, तासाला ५०० दाब, तर ३७५ डॉलर फिरतात. घराचा वाटा ११ टक्के असेल तर ४१ डॉलर गेले. नेवाडाच्या नियमाने यंत्राने किमान ७५ टक्के परत द्यावे लागतात. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त देतात, पण वेग फार असतो. ‘या यंत्राने बराच वेळ काही दिलेलं नाही, आता देईल’ याला अर्थ नाही. प्रत्येक दाबाचा निकाल यादृच्छिक आकड्यावर ठरतो, मागच्या दाबाशी त्याचा संबंध नसतो.

टेबलाची रीत थोडक्यात: पैसे डीलरच्या हातात न देता कापडावर ठेवा, पत्ते वाटायला सुरुवात झाल्यावर लावलेल्या चिप्सना (पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या चकत्यांना) स्पर्श करू नका, मोबाइल खिशात. उठताना “कलर अप” म्हणा, म्हणजे लहान चिप्सच्या बदल्यात मोठ्या मिळतात, आणि त्या त्याच कॅसिनोच्या ‘केज’वर (रोखीच्या खिडकीवर) बदलून घ्या. खेळत असताना पेय फुकट मिळतं, आणणाऱ्याला डॉलर-दोन डॉलर द्यायची पद्धत आहे.

भारतातून आलेल्यांसाठी कराचा मुद्दा महत्त्वाचा. स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला (मर्यादा २०२५ अखेरपर्यंत १,२०० डॉलर, २०२६ पासून २,०००) की यंत्र थांबतं आणि कर्मचारी फॉर्म घेऊन येतो. अमेरिकेत राहणाऱ्याला कराच्या नोंदीचा कागद मिळतो. भारतीय पासपोर्टवर पाहुणा म्हणून आलेल्याचे ३० टक्के जागेवर कापले जातात. ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स (फाशांचा खेळ), रूलेट यांना ही कपात लागू नाही. आणि बटण ज्याने दाबलं त्याचाच जॅकपॉट धरतात. “बाबा, तुमच्या हाताने दाबा” असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

निघताना

चेक-आउट अकराला. काउंटरवर न जाता टीव्हीवरून किंवा मोबाइलवरून करता येतं, पण त्याआधी ‘फोलिओ’ (खोलीचं तपशीलवार बिल) उघडून एकेक ओळ वाचा: रिसॉर्ट फी रात्रींच्याच संख्येइतकी आहे का, मिनी-बारचं काही चढलंय का, पार्किंग दोनदा लागलंय का. चूक असेल तर सामान घेऊन निघण्यापूर्वीच सांगा. समोर उभं असताना ती पाच मिनिटांत निघते, घरी गेल्यावर फोनवर तासन्‌तास जातात. सफाई करणाऱ्यांना रात्रीमागे तीन ते पाच डॉलर खोलीत ठेवा.

ग्रँड कॅनियन याच सहलीत उरकायचा असेल तर तो दिवस हॉटेलच्या दोन रात्रींत मोजू नका. वेस्ट रिम दोन-अडीच तासांवर आहे, साउथ रिम साडेचार तासांवर. वेस्ट रिम ही हुआलापाई जमातीची भूमी असल्याने राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही, वेगळं तिकीट लागतं. साउथ रिमला एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नऊ तास गाडीत. आई-बाबा सोबत असतील तर तिथे वस्ती करा, आणि वेगासची खोली सकाळी सोडूनच निघा, म्हणजे रिकाम्या खोलीची रिसॉर्ट फी भरावी लागणार नाही.

कार्डावर अडवलेली अनामत सुटली की नाही ते आठवड्याने तपासा. सुटली नसेल तर फोलिओची प्रत हाताशी घेऊन आधी हॉटेलच्या बिलिंग विभागाला विचारा, मग बँकेला. बँक पहिल्या फेरीत हॉटेलकडेच पाठवते.